तुळशीराम मिस्त्रींची पाचवी गाडी

कोणावर लिहावं इतका मी अजून शिकलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं. पण तुळशीराम मिस्त्रींवर दुसरं कोणी लिहिणार नाही, कारण ज्यांना ते ठाऊक होते त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नाही. चुकलं तर वाचकांनी क्षमा करावी.

मिस्त्री आमच्या उंद्रीचे सुतार. कोणाचीही बैलगाडी सोडलेली दिसली, की आधी तिचं जू करंगळीवर उचलून पाहायचे. राम राम त्यानंतर. जू जड लागलं तर मालकाला म्हणायचे, "बैलाच्या मानेवर बसून राह्यला तू." बरोबर लागलं तर काही न बोलता पुढे जायचे. ती शाबासकी असे.

वखर-पाभरी असली शेतीची अवजारं ते पोटासाठी करत. जीव होता शंकरपटाच्या गाडीत. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. जोडीमागे दोन चाकांची हलकी गाडी असते. जोडी आमची आणि हाकायला माझे वडील, म्हणून मिस्त्रींच्या सगळ्या गाड्या आमच्याच बैलांमागे धावल्या. पहिली शेतातल्या गाडीसारखीच होती, फक्त लहान. दुसरीचा साटा, म्हणजे वरचा सांगाडा, काढून त्यांनी बसायला नुसती फळी ठेवली, तीही आसाच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, मागे. वडील बसले की जू वर उचललं जाई आणि बैल आभाळाकडे पाहत पळत. तिसरीत फळी पुढे आणली, तर सगळा भार मानेवर.

"दोन्हीकून चुकून पाह्यलं," मिस्त्री म्हणाले. "आता मधातच राह्यलं."

चौथी सगळ्यांत देखणी. वजन कमी व्हावं म्हणून तिचा आस हातभर आखूड केला होता. पण आमच्या गाडरस्त्यांवर चाकोऱ्या पडलेल्या, आणि त्या रोजच्या गाड्यांच्या मापाच्या. चौथीचं एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर. पटाला जाताना आमच्याच शिवेवर ती उलटली. वडिलांचा हात मोडला.

मिस्त्री ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "पटात चाकोरी नसते, हे मी पाह्यलं होतं. पटापावतर जायचं कसं, हे नाई पाह्यलं."

"यापुढं तुमच्या गाडीत मी बसत नाई, मिस्त्री," वडील म्हणाले. मग दुसरंही कोणी बसेना.

अमरावतीला कॉलेजात मला एका विलायती मासिकात शर्यतीच्या मोटारीची चित्रं सापडली. कारखाना एकच, मोटारही एकच, वर्षावर्षांनी बदलत गेलेली. मी ती वहीत उतरवली आणि दिवाळीत मिस्त्रींना दाखवली. सुरुवातीला इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होतं. नंतरच्या चित्रात ते चाकांच्या अलीकडे, मध्ये आलं होतं.

"काऊन बे, यानं ते मागं ठेवलंच कसं?"

"माहीत नाही, मिस्त्रीबाबा."

"मधात आणाले किती वर्षं लागले?"

"बारा-पंधरा असतील."

"मले सात लागले." मग त्यांना कारखान्याची कीव आली. "त्याच्यापाशी बैल नाई ना. बैल लगेच सांगते."

पुन्हा पानं उलटून त्यांनी विचारलं, "आन हे गाडी दरसाल खाली खाली काऊन जाऊन राह्यली?"

"उलटू नये म्हणून."

वही ते घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत दिली, तिला भुसा लागला होता.

पाचवीचा आस पुन्हा चाकोरीच्या मापाचा झाला. फळी त्यांनी लोखंडी पट्ट्यांनी आसाला लागून, वीतभर खाली टांगली. पुढच्या सुट्टीत मी आलो तेव्हा गाडी तयार होती, बसायला माणूस नव्हता. मिस्त्रींना तेव्हा खोकला लागला होता. बोलताना मध्ये थांबावं लागे.

"तुह्या बापाले सांग, गाडी बरोबर हाये. तू शिकेल हायेस. तुह्यं ऐकंन तो."

मी गणित मांडलं. खालीवर जमीन, पळते बैल, यातलं काहीच माझ्या पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या पानावर अडकलो. तरी जेवताना वडिलांना म्हणालो, "दादा, मी तपासली गाडी. उलटत नाही."

"कॉलेजातल्या हिशेबानं?"

"हाव."

वडिलांनी भाकरी मोडली आणि खाली पाहून जेवले. मी मिस्त्रींना जाऊन सांगितलं, की गाडी हिशेबात बरोबर बसते. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "मले तसं वाटे, पन पक्कं नव्हतं."

यावर मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "येतो, बाबा."

पट माघात होता. माझी परीक्षा त्याच सुमारास. पत्र आलं ते पट होऊन तीन आठवड्यांनी. वडिलांनी सांगितलं तसंच शाळेतल्या गुरुजींनी लिहिलं होतं:

"मिस्त्री पटाच्या आठ दिवस आंधी वारले. खोकला वाढला होता. तुह्या परीक्षेपाई कळवलं नाई. गेलेल्या मानसाच्या गाडीत बसू नको, मागं मोडलेला हात तरी आठव, असं समदे म्हनत होते. मी बसलो. जोडीचा दुसरा नंबर आला. गाडी उलटली नाई. मी समद्याईले आंधीच सांगतलं होतं, आमच्या पोरानं तपासली हाये."