पाटाची खालची बाजू

आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते त्या पाटाच्या खालच्या बाजूला मी नऊ उभ्या आणि नऊ आडव्या रेघा डागल्या. चुलीत दाभण तापवून, तीन दिवस दुपारी बसून. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या हातून झाली, म्हणून आधी तेच लिहिते.

माझी मुलगी नववीत आहे. ती मोबाईलवर एक जपानी मालिका बघायची. मी कार्टून म्हटलं की चिडायची, "आई, ॲनिमे म्हण." मालिका हिंदीत बोलायची, त्यामुळे मलाही समजायची. त्यात तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी एका म्हाताऱ्या गुरूकडे तिकडचा जुना खेळ शिकते. जाड लाकडी पट, काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या. समोरच्याच्या सोंगट्यांना चहूबाजूंनी घेरायचं आणि उचलून बाहेर काढायचं. हरली की ती मुलगी स्वतःच्या मनगटाला चावायची, रक्त येईपर्यंत. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. भाजी निवडता निवडता बघायला लागले आणि भाजी तशीच राहू लागली.

मुलीने पुठ्ठ्यावर पट काढला. पण त्यावर सोंगटी ठेवली तरी आवाज येईना. "तिकडे कसं टक् वाजतं," ती म्हणाली. घरात जाड लाकूड एकच होतं, माळ्यावरचा कानबाईचा पाट. तो वर्षातून एकदा, श्रावणात खाली येतो. मला वाटलं, देवी वर बसते, खाली कोण बघतंय? चिंचोके काळे झाले, नदीतल्या गारगोट्या पांढऱ्या. शाळेला सुट्टी असली की दुपारी कपाशी निंदून आल्यावर आम्ही दोघी दार लोटून खेळायचो. एकदा मी तिच्या सात सोंगट्या एकदम उचलल्या. ती म्हणाली, "आई, तू तर लई निर्दयी निघाली!" मला फार बरं वाटलं.

आमच्या भाऊबंदांची कानबाई एकच, आमच्या घरची. पूजेचं सगळं माझे थोरले जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, बघतात. त्यांना सारे आबा म्हणतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते आले की डोक्यावर पदर घेऊन आत जायचं. त्या वर्षी चैत्रात त्यांच्या सुनेचं मूल पोटातच गेलं होतं.

कानबाई बसते त्या रविवारी सकाळी आबांनी पाट धुवायला नळाखाली नेला आणि उलटा केला.

"हाई काय शे?"

माणसं जमली. जळक्या रेघा आणि मध्ये खिळ्याने डागलेले पाच ठिपके. कोणीतरी म्हणालं, "करणी शे, आबा." आबांची बायको, माझी जेठाणी, किंचाळली, "मन्हा नातू हाईच पाटनी खादा व माय!"

मी दाराआड होते. माझ्याआधी मुलगी पुढे झाली. "आबा, खेय शे तो. मी काढेल शे." खेळाचा पट आपणच काढला असं तिने सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. खरं वाटावं म्हणून तिने मोबाईल काढून चित्र दाखवलं. नेमकं त्या चित्रात ती जपानी मुलगी गुडघ्यांवर बसून पटासमोर डोकं टेकवत होती. खेळाआधी ते लोक तसं करतात.

"पूजा करी राहिनी ती," एक दीर म्हणाला. "शाळामा हाईच शिकाडतस का?"

आबांनी मोबाईल दगडावर आपटला. मग पाट दोन्ही हातांनी उचलून मुलीच्या कपाळावर घातला. ती मोरीच्या काठावर पडली. त्यांनी तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिला उठवून पुन्हा पाडली. नळाचं पाणी लाल होऊन रांगोळीवर गेलं. माझा नवरा शिरपूरच्या गिरणीतून सणाला सुट्टी घेऊन आला होता. तो ओट्यावर उभा होता. उभाच राहिला.

"भगतले बलावा," आबा म्हणाले. "डाग दिधा म्हणजे बठ्ठं सांगी देई."

भगत, म्हणजे मांत्रिक, तापलेला विळा पोटाला लावून सगळं कबूल करवून घेतो. पण डाग बरा होतो, नाव पुसलं जात नाही. माझ्या माहेरी एकीला भगताने डाकीण ठरवलं होतं. तिच्या घरचं पाणी कोणी पीत नव्हतं. माझ्या मुलीची शाळा, लग्न, सगळं त्या एका शब्दात बुडालं असतं.

मी बाहेर आले. पदर पडलेला होता. "रेघा मी काढ्यात! तिले सोडा!"

आबांनी वळूनही पाहिलं नाही. "बाईमाणूस, मधमा पडू नको."

दाराशी मुसळ होतं. ते मी त्यांच्या वेणी धरलेल्या हातावर घातलं. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. वेणी सुटली. कोणी माझ्या अंगावर आलं नाही. मी मुसळ तसंच धरून उभी होते आणि मुलगी माझ्या पायांमागे सरकत आली होती.

नवऱ्याने आम्हाला गाडीवर शिंदखेड्याच्या दवाखान्यात नेलं. दारातच म्हणाला, "मोरीवर पडनी, इतलंच सांग. घरनं घरमा राहू दे." डॉक्टरीण बाईंनी नऊ टाके घातले आणि कसं लागलं ते विचारलं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"पाटाने मारलं," मी म्हणाले. "माझ्या जेठांनी. भगत बोलावणार होते."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि पोलिसांना कळवलं. नवरा बाहेर निघून गेला. तेव्हापासून कानबाईच्या नैवेद्याचा आमचा रोट वेगळा आहे, भाऊबंदांचा प्रसाद आम्हाला येत नाही. आबांवर केस झाली. भगत आला नाही आणि मुलीला त्या नावाने कोणी हाक मारत नाही, निदान तोंडावर तरी नाही. ती शाळेत जाते.

एक गोष्ट मी डॉक्टरीण बाईंना सांगितली नाही, पोलिसांनाही नाही. वेणी सुटल्यावर आबा हात पोटाशी धरून खाली बसले होते. मी त्यानंतर अजून दोनदा मारलं.