गोणीला गुडघे नसतात

भाऊरावांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घाटकोपरच्या धान्याच्या गोदामात उजाडायच्या आत ट्रक लागत, आणि टोळीत जो उशिरा येई त्याच्या वाट्याला तळाच्या, ओल धरलेल्या गोण्या येत. हमाली सुटून बरीच वर्षं झाली, पण डोळे अजून चारलाच उघडतात. उघडून करायचं काय, तर मुलुंडच्या या सात मजली इमारतीतली घाण बघायची.

घाणीचं त्यांना वावडं होतं असं नाही. गोदामात मेलेले उंदीर निघत, गुळाच्या ढेपांवर माश्यांचा थर बसलेला असे. ती कामाची घाण. अंगाला लागायची आणि नळाखाली वाहून जायची. इथली घाण आळसाची होती. होळीपासून लिफ्ट बंद. कमिटीतले दोन गट एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि लोक लिफ्टच्या खड्ड्यात कचऱ्याच्या पिशव्या सोडत होते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. थुंकू नये म्हणून कोणीतरी कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवल्या होत्या. तर पिचकारी फरशीच्या बरोबर वीतभर वर. मोबाईलवर मागवलेली कोथिंबिरीची एक जुडी घेऊन एक पोरगा पाच मजले चढून यायचा, आणि सून माधुरी त्याला दारात थँक्यू म्हणायची. भाऊरावांना त्या जुडीचीच किळस यायची.

पण सगळ्यात जास्त वीट आला होता तो नातवाचा, विकीचा. विकी जिमला जायचा. एकदा त्यांनी रस्त्यावरून काचेतून पाहिलं होतं. पोरगं लोखंड उचलत होतं आणि परत जागच्या जागी ठेवत होतं. पुन्हा उचलत होतं. मध्येच ओरडत होतं आणि आरशात बघत होतं.

"एवढ्या मेहनतीत ट्रक रिकामा झाला असता," ते घरी येऊन म्हणाले. "ह्यानं काय हलवलं? काही नाही. जिथलं तिथं."

"अंग हलवलं की," त्यांची बायको शांताबाई म्हणाल्या. "आणि त्याची फी भरा. बापाकडं मागायला लाजतोय."

विकीचा बाप पुण्याला नोकरीला होता, शनिवारी यायचा. तेव्हा फी भाऊरावांच्या बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून गेली. अंडी त्यातूनच, आणि ती प्रोटीनची पावडरसुद्धा, जिचा आंबूस वास मोरीतून दिवसभर जात नसे. पैसे देताना भाऊराव तोंड वाकडं करायचे. देत मात्र राहिले, कारण मागणाऱ्या शांताबाई होत्या.

शांताबाईंचे गुडघे गेले होते. लिफ्ट बंद झाल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. पावसाळाभर खालच्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चाललं. दरवर्षी पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसणारी बाई यंदा खिडकीत बसून माईकवरचा आवाज ऐकत होती. अर्धं वाचन बाहेरच्या हॉर्नमध्ये जायचं. आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "समाप्तीची खीर मी माझ्या हातानं वाढणार. तिथंच, विहारात. कसं न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा."

भाऊरावांनी रात्रीच ठरवलं, आपण न्यायचं.

त्याला कारण होतं. गोदामातून आल्यावर ते जमिनीवर पालथे पडत आणि शांताबाई त्यांच्या पाठीवर उभ्या राहून पाठ तुडवत. मानेपासून कमरेपर्यंत, हळूहळू, भिंतीला हात धरून. पोर रडत असलं तर त्याला काखेत घेऊन. झोपडी पत्र्याची होती, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळकी, पण ते तुडवणं चुकलं नाही. या पाठीला हिचं वजन माहीत आहे, असा भाऊरावांचा हिशेब.

सकाळी खीर झाली. शांताबाई पांढरं लुगडं नेसून दारातल्या खुर्चीवर बसल्या.

"विकीला उठवते, थांबा," माधुरी म्हणाली.

"झोपू दे. आरशात बघून दमलाय तो."

भाऊरावांनी माळ्यावरून जुनं पोतं काढलं. कोपऱ्यात कोपरा खुपसून त्याची खोळ केली, डोक्यावरून पाठीवर घेतली आणि खुर्चीपुढे वाकले. ट्रकच्या फळीखाली वाकायचे तसेच.

"अवो, मी काय तांदळाची गोण हाय व्हय?"

"बोलायचं नाही. ओझ्याखाली बोललं की दम जातो. आणि मी मध्ये कुठं थांबायचा नाही. ओझं मध्ये टेकलं तर परत पाठीवर द्यायला कोण असतं?"

"ओझंच बोलतंय, त्याचं काय?"

माधुरीनं तोंडाला पदर लावला. भाऊरावांनी शांताबाईंना पाठीवर घेतलं आणि हात मागं नेऊन मांड्यांखाली आवळले. शांताबाई किंचाळल्या. गुडघे दुमडले की जीव जायचा त्यांचा. भाऊराव तरी निघाले. पाच पायऱ्या उतरले, सहावीला उजवा पाय लटपटला. त्यांनी कठड्याला हात घातला, तर हाताला चिकट लाल थुंकी. कसेबसे वळणापर्यंत पोचले आणि तिथं त्यांनी शांताबाईंना पायरीवर टेकवलं.

मध्येच टेकवलं. उभ्या हमालीत त्यांनी हे केलं नव्हतं. पांढरं लुगडं त्या घाणेरड्या पायरीवर, आणि आपण कठड्याला लोंबकळतोय. इतके दिवस पिचकाऱ्यांची, पिशव्यांची, पावडरीची शिसारी येत होती. आता स्वतःच्या मांड्यांची आली. दोन काड्या, नुसत्या.

खालून माईकवर वंदना सुरू झाली.

शांताबाईंनी वर बघून हाक मारली, "विकी! ए विकी!"

विकी बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन आला. खाली बघितलं, ब्रश खिडकीत ठेवला आणि तोंडातला फेस बनियनला पुसला.

"आबा, काय राव! मला उठवायचं ना!"

त्यानं एक हात आजीच्या पाठीमागं घातला, दुसरा पोटऱ्यांखाली, आणि तिला समोरून उचललं. पाय सरळच्या सरळ राहिले.

"अरे, पाठीवर घे!" भाऊराव ओरडले. "समोर ओझं घेतं का कोणी? कंबर जाईल!"

"पाठीवर घेतलं की तिचे गुडघे दुमडतात, आबा. म्हणून तर ओरडली ना ती."

गोणीला गुडघे नसतात. आयुष्यात भाऊरावांनी गहू वाहिला, साखर वाहिली, तेलाचे डबे वाहिले. दुखणारं काही पाठीवर घेतलंच नव्हतं.

ते माधुरीनं आणून दिलेलं खिरीचं पातेलं घेऊन, पायरी पायरी चाचपत मागून निघाले. आणि पुढं जे चाललं होतं ते बघून त्यांचं डोकं परत तापलं. विकी प्रत्येक मजल्यावर थांबत होता. शांताबाई थांबवत होत्या.

"थांब रे, मानसीशी बोलू दे. काय गं, बाळंत झालीस म्हणे? दाखव की!"

खालच्या मजल्यावरच्या मानसीनं बाळ आणलं. शांताबाईंनी नातवाच्या हातांवर पडल्या पडल्या त्याची मूठ उघडून बघितली. "बापावर गेलंय. नाक तेवढं तुझं."

"चला! काय गप्पा?" भाऊराव मागून म्हणाले. "पोराच्या हातांवर बसून बाजार भरवलाय!"

"व्हऊ द्या की. किती महिन्यांनी माणूस बघतेय मी."

"आजी, बोल तू बिनधास्त," विकी म्हणाला.

तेव्हा भाऊरावांनी त्याचे हात पाहिले. ओझं घेऊन चालणं एक, उभं राहणं वेगळं. गोदामात मुकादम मुद्दाम उभं करायचा तेव्हा भलेभले वाकायचे. विकी उभा होता. आणि वर हसतही होता. दंड हलत नव्हते, मनगट हलत नव्हतं. शांताबाईंच्या अंगाला हिसका म्हणून बसला नाही, आणि त्या निवांत बाळाशी बोलत होत्या.

खाली विहारात जागा केलेली होती, पहिल्या रांगेत. लुगड्याला मागं लाल डाग पडला होता. शांताबाईंनी पदर ओढून तो झाकला आणि पळी मागितली. खीर त्यांनी स्वतः वाढली, शेवटच्या पोरापर्यंत.

विकी दाराशी उकिडवा बसून खीर खात होता. भाऊराव शेजारी टेकले.

"थुंकी धुऊन काढली पाहिजे जिन्यातली," ते म्हणाले. "तोंड लाल करून फिरतात भाडखाऊ."

"धुऊ. पण आबा, संध्याकाळी आजीला वर न्यायचंय. उतरण्यापेक्षा चढण वाईट." विकीनं वाटी चाटली. "आणि या महिन्याची फी राहिलीय."

"उद्या देतो," भाऊराव म्हणाले. तोंड वाकडं करायचं राहून गेलं.

घर सरकारी योजनेत मिळालं होतं, झोपडीच्या बदल्यात. विकीचा बाप स्वतःच्या पायावर उभा राहिला. गावाकडं काही घेतलं नाही. पाठीवरून वाहिलेल्या त्या सगळ्या गोण्यांचं मोल शेवटी कशात गेलं, तर अंड्यांत, त्या आंबूस पावडरीत आणि शेजारी बसलेल्या पोराच्या दोन दंडांत.