राजाची उडी

चिकपेटेतल्या आमच्या घरी माझ्या सासऱ्यांना सगळेच अण्णा म्हणत, सुनासुद्धा. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडून ते बसत आणि येईल त्याला हरवत. मी बेळगावची. वडिलांनी लहानपणीच मला हा खेळ शिकवला होता. लग्न होऊन बंगळुरात आले तेव्हा नव्या नवलाईत मी विचारलं, अण्णा, एक डाव खेळू का? त्यांनी पटावरची नजर न काढता कॉफी आणायला सांगितलं. सुनेनं सासऱ्यांसमोर अशी बैठक मारायची नसते, हे सासूबाईंनी मला आत नेऊन समजावलं. मला काही ते पटलं नाही, पण कॉफी नेऊन दिली.

पुढे साठच्या दशकात धाकट्या दिरांना एका मोठ्या संस्थेत नोकरी लागली. तिथं परदेशातून कॉम्प्युटर आला होता आणि भावोजी जेवताना रोज त्याचे पोवाडे गात. अण्णांनी एकदा विचारलं, आकडेमोड ठीक आहे, पण बुद्धिबळ खेळेल का तो? भावोजी फुशारकीत म्हणून गेले, खेळतो की. झालं! अण्णांनी संध्याकाळी एक खेळी करायची, यंत्राची खेळी भावोजींनी दुसऱ्या दिवशी आणायची, असं ठरलं. यंत्र साहेबाचं, म्हणून नियमही साहेबाचे. आपल्याकडे शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, ती बंद. अण्णा कुरकुरले, पण कबूल झाले.

त्या यंत्राला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. भावोजींनाही नाही. ते स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, आता माझी अब्रू तुमच्या हातात."

सकाळी केर काढताना मी पट बघून घ्यायची आणि पोळ्या लाटताना खेळी ठरवायची. फक्त अण्णांना संशय येता कामा नये. त्यांच्या मते माणूस खेळातून ओळखू येतो. त्याला राग येतो, हाव सुटते, मोहरं गेलं की तो सूड घ्यायला धावतो. यंत्राचं तसं नसतं. म्हणून मी थंड डोक्यानं खेळायची. राग गिळून वागायचं मला जड नव्हतं. लग्न झाल्यापासून तोच तर सराव चालला होता. अण्णा आल्यागेल्याला सांगत, या खेळाला माणसाचा वाससुद्धा नाही. दाराआडून ते ऐकताना आधी हसू यायचं आणि मग जीव घुसमटायचा. एकदाच समोर बसून आपल्या हातानं वजीर उचलावा, एवढंच मला हवं होतं.

दसऱ्याच्या सुमारास माहेरून निरोप आला की वडील आजारी आहेत. अण्णा म्हणाले, सणासुदीचं घर टाकून कुठं जाणार, दिवाळी होऊ दे. यजमानांनी अण्णांपुढे तोंड उघडलं नाही. त्या संध्याकाळी भावोजी खेळी विचारायला आले, तेव्हा पटावर माझा राजा कोपऱ्यात कोंडला होता. मी विचारच केला नाही. वडिलांनी शिकवलेली उडी सांगून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी ती तशीच अण्णांना सांगितली, आणि दाराआड उभ्या असलेल्या मला तेव्हा माझी चूक कळली. साहेबाच्या यंत्राला ही उडी कोण शिकवणार होतं? मग अण्णांनी स्वतःच माझा राजा उचलून उडीच्या घरात ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते भावोजींना म्हणाले, "सरी, ठीक आहे. यंत्राला सांग, मला कळलं."

मी पदर सारखा केला. आता हाक येणार, ये, बस म्हणणार, असं मला अगदी खरंच वाटलं.

"आणि हेही सांग," अण्णा म्हणाले, "मला काही कळलं नाही असं धरून खेळत राहा."

मी खेळत राहिले. दिवाळीनंतर माहेरी गेले, तेव्हा वडील माणसं ओळखेनासे झाले होते. परत आल्यावर तो डाव मी जिंकले. अण्णांनी मुद्दाम चार मित्रांना बोलावून सांगितलं की मी कॉम्प्युटरकडून हरलो. एकानं विचारलं, कसा खेळतो हो तो?

"स्वल्प रागीट आहे," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले.

मी तेव्हा कॉफीचे पेले ठेवत होते. ते तिथंच आपटावेत असं मला वाटलं. अण्णांनी माझ्याकडे न बघता आपला पेला उचलला. यंत्राकडून हरल्याचं त्यांना चार लोकांत सांगता येत होतं.