चाबूक नसलेला टांगा

कळमनुरीहून हिंगोली स्टेशनला जाताना मी एका म्हाताऱ्याच्या टांग्यात एकदाच बसलो. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या शेजारी एक सरकारी अंमलदार होता. चढ लागला तसा म्हातारा खाली उतरला आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून चालू लागला.

"चाबूक मार की! आगगाडी चुकंल," अंमलदार ओरडला.

"चाबूक न्हाई, साहेब."

"काहून न्हाई?"

म्हातारा चालता चालता सांगू लागला. तरुणपणी तो एका मोठ्या शहरात घोड्यांची ट्राम हाकायचा. पुढे कंपनीने विजेवरची ट्राम आणली आणि घोडे विकायला काढले. "उन्हात वढून ज्यांनी कंपनी मोठी केली, त्याह्यलाच कसायाच्या दारी धाडलं. मह्या हातचे दोन घोडे मला वळखून खिंकाळले. त्याच दिशी चाबूक सायबाच्या टेबलावर ठेवला अन् निघालो."

"तुझी दास्तान नको. मार, न्हाईतर बिल्ला जमा करीन."

म्हाताऱ्याने दंडावरचा टांगा हाकायच्या परवान्याचा पितळी बिल्ला सोडून अंमलदाराच्या हातावर ठेवला आणि त्याची ट्रंक उचलून रस्त्यावर मांडली. "उतरा, साहेब. घाई तुमाला हाय, घोड्याला न्हाई."

मीही उतरलो, पण चाकाला हात लावायला. आगगाडी चुकलीच.

पुढच्या बाजाराला तो कयाधू नदीत घोडा धुताना दिसला. बिल्ला परत मिळाला का, असं मी विचारलं.

"मागायलाच गेलो न्हाई," तो म्हणाला. "आता सरपण वाहून राहिलो आमी दोघं. अर्धं त्याच्या पाठीवर, अर्धं मह्या."