शनिवारचा चावा

घोडपदेवच्या चाळीत नवा भाडेकरू आला की सुभद्रा म्हणायची, "पोलिसांचा खबऱ्या असणार मेला!" हल्ली मात्र तिचा संशय नवऱ्यावर, लवूवर होता आणि साक्षीला होता बंड्या, घरात पाळलेला पांढरा उंदीर.

एरवी बंड्या लवूच्या खांद्यावर बसून चणे खायचा. पण दर शनिवारी लवू संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून आला आणि त्याने पिंजऱ्यात हात घातला, की बंड्या केस फुलवून कडकडून चावायचा. रविवारी पुन्हा गरीब गाय.

"सभेत असं काय असतं हो, की हा पिसाळतो?" ती करवादली. लवू बोटाला हळद दाबू लागला.

तिने त्याचा सदरा हुंगला. दारूचा वास नाही, अत्तराचा नाही. शेवटी भायखळ्याच्या बाजारात उंदीर विकणाऱ्या म्हाताऱ्याला तिने गाठलं.

"हाताला दुसऱ्या नराचा वास आला की नर चवताळतो, बाई. साबणाने हात धुवायचे, मगच उचलायचा."

दुसरा नर! सुभद्रा जागीच थबकली. धाकट्या जावेशी भांडून तिनेच घर वेगळं केलं होतं, तेव्हा घरच्या दोन नर उंदरांतला एक दीर वरळीला घेऊन गेला होता. "त्यांची पायरी चढलात तर माझं मेलेलं तोंड बघाल," असं तिनेच लवूला बजावलं होतं.

पुढच्या शनिवारी लवू चपला घालू लागला, तशी तिने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा त्याच्या हातात कोंबला.

"सभेतल्या पोरांना द्या. आणि निघताना धाकटीकडून साबण मागून हात धुवा."