उरलेली टोपी

उचापतीने लहानपणी घरातलं गजराचं घड्याळ खोललं आणि पुन्हा जोडलं. घड्याळ चाललं, गजरही झाला. फक्त दोन स्क्रू उरले. तेव्हापासून तिचं खरं नाव हजेरीपुरतं राहिलं आणि घरात म्हणच पडली, उचापतीने जोडलं की काहीतरी उरणारच. मग मिक्सर झाला, इस्त्री झाली, काकाची सायकल झाली. सायकलीतून तर मूठभर छर्रे उरले. काका अजून ती जीव मुठीत धरून चालवतो.

शाळा संपल्यावर तिने आयटीचा कोर्स धरला, तेव्हा काकाच आधी बोलला.

"डिग्रीबिग्री सोडून वायरी जोडणार? आणि तू?"

"मग काय, तुझी सायकल जोडत बसू?"

"जीभ मात्र पक्की जोडलीये हिची," सोफ्याचं कव्हर शिलाई मशीनवर सरकवत आई म्हणाली. "तिथे काही उरलं नाही."

कोर्सला गेल्यावर उचापतीचं मासा पाण्यात पडल्यासारखं झालं. इथे वस्तू खोलल्या की ओरडा नाही, उलट मार्क! केबलमधल्या आठ तारांचा क्रम ती भांडी घासताना पाढ्यासारखा म्हणायची. "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा..." ती अडली की मशीनवरून आई सांगायची, "निळा गं, निळा!"

आणि एक दिवस सरांनी वर्गात बॉम्ब टाकला. नव्या दवाखान्यात नेटवर्क टाकायचं काम त्यांना मिळालं होतं. बरोबर एकालाच नेणार. ज्याची केबल पसंत पडेल, तो.

खरी इमारत, खरं काम! उचापतीचे पाय जमिनीवर ठरेनात.

परीक्षा सोपी होती. लॅबमधून भिंतीतल्या पाइपातून शेजारच्या ऑफिसात केबल न्यायची, दोन्ही टोकांना प्लग बसवायचे. प्लगमागे रबराची निळी टोपी असते. ती केबलमध्ये आधी ओवायची. प्लग दाबून बसला की मग चढत नाही.

दप्तर लॅबच्या कोपऱ्यात टाकून उचापती कामाला लागली. लॅबमधलं टोक झक्क झालं. ऑफिसातल्या टोकाला तिने तारा सरळ केल्या, प्लगमध्ये सरकवल्या, पक्कड दाबली. केबल तपासायच्या टेस्टरवर हिरवे दिवे एकामागून एक पळाले. उचापतीने उडीच मारली! पक्कड ठेवायला एप्रनच्या खिशात हात घातला, तर हाताला काय लागलं? टोपी.

"गप बस की," तिचा जोडीदार लंबू कुजबुजला. "दिवे लागलेत ना? टोपी कोण बघतंय?"

खरंच कोण बघत होतं? सर भिंतीपलीकडे होते. पण टोपीशिवाय प्लगची कळ चार वेळा ओढाओढ झाली की मोडते. आणि उचापतीच्या डोळ्यांपुढे ते दोन स्क्रू नाचायला लागले.

कट्! चांगला लागलेला प्लग टेबलावर पडला. लंबूने डोक्याला हात लावला.

या वेळी विसरायला नको म्हणून तिने टोपी दातांत धरली. तारा, प्लग, पक्कड. दिवे पळाले! "झालं!" असं ओरडायला गेली, तर तोंडातून आलं, "म्म्म!"

लंबू हसून हसून खुर्चीत कोसळला. नेमके तेव्हाच सर दारात.

"काय तमाशा आहे?"

उचापतीने तोंडातली टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी टेबलावरचा कापलेला प्लग उजेडात धरला.

"दिवे लागले होते?"

"हो, सर."

"मग कापलास का?"

"टोपी उरली होती, सर."

सर हसले नाहीत. "केबल पुरेल अजून?"

आई कापड बेतताना थोडं जास्तीचं राखून कापते, तशी तिनेही केबल हातभर जास्त सोडली होती. "पुरेल. पण ही शेवटची."

"बघू दे." सर खुर्ची ओढून समोरच बसले.

तिने पुन्हा कापली आणि आधी टोपी ओवली. मग बाकीचं. दिवे पळाले. सरांनी केबल धरून हिसका दिला. हलली नाही.

"मघाशी लॅबमध्ये तिघांच्या केबली बघितल्या," सर उठत म्हणाले. "तिघांच्याही टोप्या खिशातच आहेत. सोमवारी सकाळी दवाखान्यात ये, उचापते."

ती पळत सुटली, ती थेट घरात.

"काका! मला नेणार! मला!"

"आं? आणि काय उरलं?"

तिने एप्रनचा खिसा झटकन उलटा केला. रिकामा! आईने मशीन थांबवून टाळी वाजवली. काकाने तिला नीट पुढूनमागून न्याहाळलं.

"बरं. दप्तर कुठाय?"