नातीच्या शाळेचा कौल

मी चौथी शिकलो. पाचवीत दोन महिने बसलो, तेवढ्यात वडिलांनी उचलून कोल्हापूरला एका गॅरेजात नेऊन टाकलं, मोटारींचा पत्रा ठोकायला. तेव्हा ह्या लिहिण्यात कुणी ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नये. पत्रा ठोकून मी मुलाला इंजिनीयर केला आणि त्याच मुलाने मला न्यूझीलंडला आणलं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू फारशी नाही, आणि लोक मग म्हणतात, अडाणी माणूस, त्याला काय कळतं. मला सगळं कळत होतं.

आम्ही पापाकुराला राहायचो, शहराच्या कडेला. मुलगा, सून, नात आणि मी. बायको इकडे येण्याआधीच गेली. मुलगा सकाळी रेल्वेने शहरात जायचा, सून गाडी घेऊन माउंट वेलिंग्टनला ऑफिसात. साडेसातला दार लागलं की घरात मी आणि फ्रीज. फ्रीज अधूनमधून आवाज तरी करायचा. कुंपणापलीकडचा म्हातारा रोज हात वर करून ‘किया ओरा’, म्हणजे इथल्या माओरी भाषेतला रामराम, म्हणायचा, मीही ‘किया ओरा’ म्हणायचो, आणि दोघांचंही बोलणं तिथेच संपायचं. मला इंग्रजी येत नव्हतं. शिकलोही नाही. त्या वयात कुणापुढे पाटी घेऊन बसायची माझी तयारी नव्हती.

साडेतीनला नात यायची. शाळा दहा मिनिटांवर. दप्तर फेकायची, उभ्याउभ्या टोस्ट खायची, की मी तिच्यापुढे टपाल ठेवायचो. इस्पितळाचं, बँकेचं, कौन्सिलचं. ती वाचून सांगायची, “आजोबा, ते म्हणतात ब्लड द्यायला या, बट काही खाऊन नाही यायचं.” मग आम्ही कोपऱ्यावरच्या डेअरीत जायचो. डेअरी म्हणजे इथलं वाण्याचं दुकान. बोलायची ती आणि पैसे द्यायचो मी, छाती काढून. डॉक्टरकडे तीच, फोनवर तीच. सात वर्षांची होती तेव्हापासून. मी तिला कधी ‘जरा ये गं, वाचून दे’ असं म्हटलं नाही. टपाल टेबलावर टाकायचो आणि खिडकीकडे बघायचो.

ती अकरावीत, सोळाची झाली तेव्हा हे प्रकरण निघालं. इथे शाळा तेरावीपर्यंत असते. पण शहरात एक कॉलेज होतं, तिथे फक्त मोठ्या वर्गांतली पोरं घ्यायचे. गणवेश नाही, मास्तरांना नावाने हाक मारायची. तिला बारावीसाठी तिकडे जायचं होतं. तिच्या शाळेत पुढच्या वर्षी फिजिक्सला सहाच पोरं उरत होती, म्हणजे मास्तर मिळणार नव्हता. लायब्ररीच्या कोपऱ्यात बसायचं आणि टपालाने आलेल्या वह्या सोडवून परत पाठवायच्या. कॉलेजात त्याच विषयाचे दोन मास्तर होते आणि प्रयोगशाळा होती. जायला रेल्वेने तासभर, यायला तासभर. घरी पोचायला सहा.

सहा. बाकीचं मी ऐकलं नाही.

जेवताना मी सुरुवात केली.

“गणवेश नाही? मग घालून काय जाणार? चड्डी आणि त्या रबरी जँडल?”

“जीन्स, आजोबा.”

“आणि मास्तरला नावाने हाक?”

“दे लाइक इट.”

“मग उद्यापासून मलाही नावाने हाक मार. बघू मला आवडतंय का.”

“आधी तिला तुमचं नाव आठवतंय का विचारा, अण्णा,” सून म्हणाली. सगळे हसले. मी हसलो नाही. सुनेचं मत होतं की पोरीने जावं. म्हणून मग मी सुनेला ऐकवलं की ज्या घरात बाई सहाला येते आणि पोरगीही सहाला येणार, त्या घराला घर म्हणायचं की धर्मशाळा. तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि उठून गेली.

मुलगा मध्ये अडकला होता. फिजिक्स त्याला कळत होतं, पण रेल्वे आणि जीन्सही त्याला कळत होती. हा माणूस ऑफिसात नवा सर्व्हर बसवला की घरी येऊन नारळ फोडायचा. मी त्याला ओळखून होतो. चार दिवस गप्प बसलो आणि पाचव्या दिवशी सहज म्हणालो, “तुझ्या व्हिसाच्या वेळी आपण देवाला विचारलं होतं.”

“अण्णा, कौल लावू या?” तो म्हणाला. मी म्हटलं, तुझी इच्छा.

आम्ही गुरव. माझे वडील गावच्या देवळात कौल लावायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन कळ्या किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माणसं त्यावर लग्नं मोडायची, जमिनी सोडायची. वडिलांनंतर तो मान थोरल्या भावाकडे गेला आणि मी गॅरेजात. पण लहानपणी मी वडिलांच्या बाजूला पाण्याचा तांब्या धरून उभा असायचो. कुठली पाकळी ओली आणि कुठली नुसती दमट, हे तांब्या धरणाऱ्याला दिसतं. वडील मला म्हणायचे, “देव मुका आहे रे पोरा. मुक्याच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं.” मुलाच्या व्हिसाचा कौल मी त्याच पद्धतीने दिला होता. बायको नको म्हणत होती, म्हणून.

नातीला मुलाने सगळं समजावलं. मला वाटलं, हसेल. तिने विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे फिफ्टी-फिफ्टी ना? कॉइनसारखं? ओके. दॅट्स फेअर.” तिचा देवावर नव्हता एवढा गणितावर विश्वास होता. आणि माझ्यावर.

शनिवारी संध्याकाळी लावला. आमच्याकडे बैठकीच्या खोलीत कपाटावर देव्हारा होता आणि त्यात गावच्या देवाचा चांदीचा टाक, मी इकडे येताना छातीशी धरून आणलेला. कुंपणाला कॅमेलिया फुलला होता, त्याच्या पाकळ्या मी नखाएवढ्या कापून घेतल्या. स्वयंपाकघरात खोकल्यासाठी मानुका मधाची बाटली असायची. इथला मध घट्ट असतो, चिक्कीच्या पाकासारखा. उजव्या पाकळीच्या पाठीला मी मोहरीएवढा लावला. डावीला नुसतं पाणी. मग थंडीचं निमित्त करून हीटर देव्हाऱ्याकडे फिरवला.

“बा देवा महाराजा,” मी सुरुवात केली, “परमुलखात तुझी लेकरं हात जोडून उभी आहेत...”

“होय महाराजा!” मुलगा म्हणाला. नातही म्हणाली, तिच्या त्या तुटक मराठीत. डोळे मिटून म्हणाली.

“पोरीने शाळा सोडून कॉलेजात जाणं तुझ्या मनात असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे आणि वाट दाखव.”

पंचवीसेक मिनिटं गेली. हीटरने डावी पाकळी कडेने वळली, सुटली आणि पडली. मुलाने नमस्कार केला. सून आत गेली. नात तिथेच उभी राहिली, टाकाकडे बघत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “फेअर इनफ, आजोबा.” इथल्या पोरांना हरल्यावर असं म्हणायला शिकवतात. 

मी त्या रात्री चांगला झोपलो. खोटं कशाला सांगू.

सकाळी तीच मला उठवायला आली. देव पुसायचं काम तिचं होतं. देव्हाऱ्यात मुंग्यांची रांग लागली होती, कपाटाच्या पायापासून थेट टाकापर्यंत. उजवी पाकळी तशीच चिकटलेली आणि तिच्याभोवती काळं कडं.

“आजोबा, तुम्ही मध लावला?”

“देवाला मध चालतो. पंचामृतात असतो.”

“फक्त राइट साइडला?”

मी अंथरुणात बसून होतो, दात पेल्यात. बिनदाताच्या माणसाला प्रश्न विचारू नये. 

“व्हाय?” ती म्हणाली. मग मराठीत, “का?”

त्या वेळी सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं की पोरी, तू सहाला आलीस तर दिवसभर मी कुणाशी बोलू, माझं टपाल कोण वाचेल. एवढंच वाक्य होतं. मी म्हटलं, “मोठ्यांना उलट प्रश्न विचारतेस? हेच शिकवतात शाळेत?”

ती रडली नाही. म्हणाली, “कॉलेजचा फॉर्म फ्रायडेपर्यंत द्यायचा आहे. मी पप्पांना नाही सांगणार. तुम्ही सांगा. मी टाइम देते तुम्हाला.” सोळा वर्षांची पोर मला वेळ देत होती. माझ्या डोक्यात तीच गोष्ट बसली. तिने मुलाला सरळ सांगितलं असतं तर कदाचित मी मान्य केलं असतं. पण ती मला मुदत देऊन गेली, आणि मी ठरवलं की बघतोच.

बाकीची उठायच्या आत मी मुंग्या आणि पाकळी पुसून काढली. सोमवारी ती शाळेत असताना टाक काढला, चिंचेने घासला, गरम पाण्याने धुतला.  मधाची बाटली होती तिथे ठेवली.

मंगळवारी ती आली, टोस्ट खाल्ला, माझं पत्र वाचून दाखवलं, नेहमीसारखं. शेवटी विचारलं, “सांगितलं?” मी खिडकीकडे बघितलं. बुधवारीही तसंच. बुधवारी ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाकड्यावर बसल्यावर हळूच म्हणाली, “आजोबा, पप्पा चिडणार नाहीत. मी सांगेन त्यांना, चिडू नका.” मी म्हटलं, “नर्स बोलावतेय बघ.” नर्स बोलावत नव्हती.

गुरुवारी जेवणं झाल्यावर तिने सांगितलं. मुलगा उठला, देव्हाऱ्याकडे गेला, टाक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. लखलखीत होता. मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याला विचारायलाही लाज वाटत होती.

“अण्णा, ही म्हणते की...”

“ऐकलं मी.”

“मग?”

मी पोरीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. मी खरं बोलीन असं तिला अजून वाटत होतं.

“खोटं बोलते पोर,” मी म्हणालो. “कॉलेजात जायचंय म्हणून देवाला खोटं पाडते. ह्या देशाचं पाणी आहे, दुसरं काय.”

“ती खोटं बोलत नाही,” सून म्हणाली.

“म्हणजे अण्णा बोलतात?” मुलाने तिला विचारलं. सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारी सून आमच्यात अजून जन्माला यायची आहे, हे मला माहीत होतं. मी त्याच भरवशावर बसलो होतो.

मुलगा पोरीवर कधी आवाज चढवायचा नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, “आजोबांची माफी माग. पाया पड.”

“पप्पा, आय सॉ इट. अँट्स होत्या.”

“पाया पड.”

सून म्हणाली, “अहो, पुरे.” तो ऐकायला तयार नव्हता. मी एका शब्दाने थांबवू शकत होतो. राहू दे म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी खुर्चीत सरळ बसलो आणि पाय पुढे घेतले.

ती आली. एरवी ती इथल्या पद्धतीने कंबरेत थोडं वाकून गुडघ्यापाशी हात न्यायची आणि मी तिला त्यावरून बोलायचो. त्या दिवशी गुडघे टेकून खाली बसली आणि कपाळ माझ्या पायांवर ठेवलं. कपाळ गरम होतं. “सॉरी, आजोबा,” म्हणाली. मग कुणी न सांगता तेच मराठीत म्हणाली, “चुकलं माझं.” शुद्ध, एकही अक्षर न तुटता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीने जो आशीर्वाद तोंडात येतो तोच आला.

“खूप शीक,” मी म्हणालो.

शुक्रवार गेला. फॉर्म कुणी भरला नाही. पुढची दोन वर्षं ती त्याच शाळेत राहिली, लायब्ररीच्या कोपऱ्यात, टपालाच्या वह्या घेऊन. मुलाला मी आजपर्यंत काही सांगितलेलं नाही, आणि तो मराठी पुस्तकं वाचत नाही.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी ती साडेतीनला आली. मी टेबलावर दोन पाकिटं टाकली आणि खिडकीकडे बघितलं. तिने ती फोडली, इंग्रजीत मोठ्याने वाचली, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. घडी करून परत आत घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“दॅट्स व्हॉट इट सेज,” ती म्हणाली आणि टोस्ट करायला गेली. माझ्यासाठीही एक केला. लोणी लावून, बशीत घालून, अगदी नीट आणून दिला.